क्लट्झ म्हणजे वेंधळी, पण ते नाव तू स्वतःला का लावून घेतलंस?

आधी पत्र, थोडं कापून देतेय.

"ताई, मी मूळची मिरजेची, लग्नानंतर दोन वर्षांपूर्वी न्यू जर्सीत आले, आता एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्टिंग करते. जानेवारीत क्लायंटची मीटिंग सुरू व्हायच्या आधी माझ्या हातून कॉफीचा कप ड्रॉइंग्जच्या अख्ख्या सेटवर आडवा झाला. आमच्याकडे साठीच्या एक बाई आहेत, त्या म्हणाल्या, ओह हनी, यू आर सच अ क्लट्झ, आणि सगळे हसले. पेपर टॉवेल त्यांनीच आणले, माझ्याबरोबर शीट्स टिपत बसल्या, पण तो शब्द काही डोक्यातून जाईना. तेव्हापासून मीटिंगमध्ये काही बोलायच्या आधी मीच म्हणून टाकते, सॉरी, मी जरा क्लट्झ आहे. गेल्या महिन्यात माझ्याकडून चुकीची फाइल गेली तर टीममधल्या एका मुलाने ग्रुप चॅटवर मला पट्झ लिहिलं, खाली सगळ्यांचे हसण्याचे इमोजी. नवरा म्हणतो सोडून दे, इथे असंच बोलतात. लहानपणी घरीही मला वेंधळीच म्हणायचे. सायकल आठवीत आली, दोरीवरच्या उड्या कधी जमल्याच नाहीत, आत्ताही ताटातला भात सांडतो. ह्या शिव्या आहेत का? एचआरकडे जाऊ का? का मी खरंच तशी आहे? (नाव देऊ नका, एडिसन)"

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना पेपर टॉवेलच्या वाक्याशी थांबले. ते वाक्य तू असंच ओघात लिहून गेलीस पण माझ्या मते तुझ्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे, त्यामुळे तिथूनच सुरू करते.

क्लट्झ ही शिवी नाही. आपल्या वेंधळी, धांदरट ह्या शब्दांच्या जवळपास बसणारा शब्द आहे. हातातून वस्तू सुटते, चालताना टेबलाच्या कोपऱ्याला मांडी आपटते, दारात पाय अडकतो, अशा माणसाला अमेरिकेत क्लट्झ म्हणतात. शब्द आलाय यिडिशमधून, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यू लोकांची घरात बोलायची भाषा, जर्मन वळणाची पण हिब्रू लिपीत लिहितात ती. त्यात क्लोट्स म्हणजे लाकडाचा ओंडका, ठोकळा. आपण नाही का म्हणत, नुसता ठोकळ्यासारखा उभा राहिला, तसंच. आणि तो शब्द तिथे किती सौम्य झालाय ते सांगते, कॅलिफोर्नियात १९७७ साली मुलांची हस्तकलेची, खेळाची पुस्तकं काढणारी एक प्रकाशन कंपनी निघाली, तिचं नावच क्लट्झ. पहिलं पुस्तक चेंडू हवेत उडवून झेलायचे कसे ह्यावर होतं आणि पुस्तकाबरोबर कापडाच्या छोट्या पिशव्या यायच्या सरावाला, म्हणजे पडल्या तरी फुटायला नकोत. आईबाप दुकानात जाऊन पोरांसाठी ज्या नावाची पुस्तकं विकत घेतात तो शब्द शिवी कसा असेल?

हे यिडिश शब्द अमेरिकेत कसे आले ते थोडं सांगू दे, कारण त्याशिवाय त्या बाईंचा सूर तुला कळायचा नाही. साधारण १८८१ ते १९२४ ह्या काळात पूर्व युरोपातून वीस लाखांहून जास्त ज्यू अमेरिकेत आले, मोठा लोंढा न्यूयॉर्कमध्ये उतरला, लोअर ईस्ट साइडच्या कोंदट चाळींमध्ये, एकेका खोलीत आठ आठ दहा दहा माणसं, त्यातच शिवणकामाची मशिनं. मग १९२४ ला कायदा करून तो ओघ जवळजवळ बंदच केला. तर ह्या लोकांकडे पैसा नव्हता पण फजिती झालेल्या माणसासाठी शब्द इतके की काय विचारतेस. त्यांची पोरं पुढे नाटकात, रेडिओवर, टीव्हीत गेली आणि ते शब्द सगळ्या अमेरिकेचे झाले. (आपल्या अलिबाग-रेवदंड्याकडचे बेने इस्रायल ज्यू वेगळे बरं का, त्यांची घरची भाषा पिढ्यानपिढ्या मराठी, यिडिशशी त्यांचा संबंध नाही.)

मी स्वतः अकरा वर्षं न्यूयॉर्कमध्ये क्वीन्सला राहिलेय. आमच्याच मजल्यावर एक आजी होत्या, पोलंडमधून लहानपणी आलेल्या. एकदा डिसेंबरात मी किराणा घेऊन येत होते, दोन्ही हातांत कागदी पिशव्या, बर्फाने एका पिशवीचा तळ भिजलेला, आणि बरोब्बर लिफ्टच्या दारात तो तळ फाटला. डझनभर अंडी, दूध, मसुराची डाळ, सगळं त्या संगमरवरी फरशीवर. आजी मागेच उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, ओय, नेबेख. मला वाटलं काहीतरी लागेल असंच बोलल्या, मी रडकुंडीला आले. आणि त्या माणूस वाकूच शकत नाही अशा वयात वाकून एकेक डाळीचा दाणा नाही पण मुठी मुठीने डाळ गोळा करायला लागल्या. नंतर कधीतरी त्यांच्या सुनेने सांगितलं, नेबेख म्हणजे बिचारी गं, बापडी. त्याच शब्दाचं अमेरिकन रूप झालं नेबिश, म्हणजे दबलेला, बुजरा, कुणाच्या खिजगणतीत नसलेला माणूस. मी त्या शब्दावरून चार दिवस त्यांच्याशी धड बोलले नव्हते, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

त्या आजींकडूनच मला ती सूपची गोष्ट कळली, ज्यू घरांत सगळ्यांना माहीत असते ती. श्लेमील म्हणजे ज्याच्या हातून सूप सांडतं तो. श्लिमाझल म्हणजे ज्याच्या अंगावर सांडतं तो. आणि काही जण पुढे जोडतात, ते सूप पुसायला जो येतो तो नेबिश. बघ किती बारकाईने पाहिलंय माणसांकडे. एकाचा हात वाईट, एकाचं नशीब वाईट, एकाला नाही म्हणता येत नाही. श्लिमाझलमधला माझल हा हिब्रू शब्द, नशीब ह्या अर्थाचा, पण मुळात तो आकाशातल्या तारकांचा शब्द आहे. आपल्याकडे काय म्हणतात? ह्याचे ग्रहच फिरलेत, ह्याला साडेसाती लागलीय. मला तर हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता, दोन टोकांची माणसं एकाच आकाशाकडे बोट दाखवतात.

आणि आपल्याकडे काय कमी शब्द आहेत का? वेंधळा, धांदरट, बावळट, गबाळा, करंटा, बापडा, अजागळ. अजागळचा अर्थ माहितीये तुला? अजा म्हणजे शेळी, तिच्या गळ्याला जी दोन लोंबती लोळी असतात ना, दिसतात आचळासारखी पण दूध येत नाही, ती. म्हणजे आहे पण कामाचा नाही. क्लट्झपेक्षा हा शब्द कितीतरी जास्त लागेल असा आहे, आणि आपल्या आया-आज्या तो दिवसातून चार वेळा वापरतात आणि लगेच पुढच्या मिनिटाला त्याच पोराला तूपभात कालवून भरवतात. तर तुझ्या ऑफिसातल्या त्या बाईंनी क्लट्झ म्हटलं, वर हनी म्हटलं, आणि मग गुडघे टेकून तुझ्याबरोबर शीट्स टिपल्या. हे तिन्ही एकत्र धर. मी त्या खोलीत नव्हते, पण मला तरी त्यात अपमान दिसत नाही, उलट घरच्यासारखं वागणं दिसतं. बाकीचे हसले ते मात्र खटकणारच, सगळ्यांसमोर झालं ना, नवीन देश, नवीन नोकरी, त्यात क्लायंट दारात. ते लागलं ह्यात तुझं काही चुकलं नाही.

आता पट्झ. हा वेगळा मामला आहे आणि इथे मी तुझ्या नवऱ्याशी सहमत नाही. पट्झ आणि श्मक हे दोन्ही यिडिशमध्ये पुरुषाच्या अवयवाचे शब्द आहेत, घरात मोठ्यांसमोर बोलत नाहीत असे. अमेरिकन इंग्लिशमध्ये झिजून झिजून त्यांचा अर्थ मूर्ख, बिनडोक असा झालाय, बऱ्याच लोकांना मूळ अर्थ माहीतही नसतो, आणि पट्झ अराउंड म्हणजे उगाच वेळ घालवत बसणं ह्या अर्थाने तर अगदी सभ्य माणसंही वापरतात. पण जुन्या ज्यू माणसाला विचार, तो अजून कान धरेल. १९६२ मध्ये लेनी ब्रूस नावाच्या स्टँडअप कॉमेडियनला लॉस एंजेलिस भागात स्टेजवर अश्लील बोलल्याबद्दल पकडलं होतं, त्यात श्मक हा शब्दही होता, इतकं त्याचं वजन होतं तेव्हा. त्या मुलाला हे सगळं माहीत असेल असं मी म्हणत नाही. नसेलच बहुतेक. पण क्लट्झ हा शब्द हाताबद्दल आहे, पट्झ हा माणसाबद्दल आहे, आणि तो त्याने तोंडावर नाही, ग्रुपमध्ये लिहून टाकला, म्हणजे कायमचा राहिला. आणि मदतीला काही तो आला नाही. फाइल चुकीची गेली, मग बरोबर फाइल पाठवायला तुला कोणी मदतीचा हात दिला का? तू लिहिलं नाहीस, म्हणजे नसावा.

लूझर (कायम हरणारा), स्क्रू-अप (सगळं बिघडवणारा) हे शब्द पण ह्याच खात्यात घाल. आणि एक शब्द तू स्वतः कधी चुकूनही वापरू नकोस, स्पॅझ. धांदरट ह्या अर्थाने तो अमेरिकेत पूर्वी सर्रास चालायचा, पण तो आलाय स्पास्टिकवरून, म्हणजे सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हातापायांवर ताबा राहत नाही ती अवस्था) असलेल्या माणसांवरून. २०२२ मध्ये लिझो आणि बियॉन्से ह्या दोघी गायिकांनी लोकांनी सांगितल्यावर आपापल्या गाण्यातून तो काढला. आपण बाहेरून आलेली माणसं असे शब्द ऑफिसात ऐकून उचलतो आणि मग भलत्या जागी बोलतो, म्हणून सांगितलं.

एचआरचं विचारलंस. अमेरिकेत १९६४ चा नागरी हक्क कायदा आहे, त्यात नोकरीच्या ठिकाणी वंश, रंग, धर्म, लिंग आणि मूळ देश ह्यावरून छळ, भेदभाव करता येत नाही. पुढे वय आणि अपंगत्व ह्यासाठी वेगळे कायदे झाले. आता पट्झ हा शब्द एकदा लिहिणं ह्यातल्या कशात बसत नाही, त्यामुळे लगेच कायद्याची भाषा नको. पण तोच मुलगा तुझ्या उच्चारांवरून, तुझ्या देशावरून, तू बाई आहेस ह्यावरून काही लिहीत असेल तर गोष्ट पूर्ण बदलते, मग स्क्रीनशॉट ठेव, तारखा लिहून ठेव आणि जा एचआरकडे, नवऱ्याला विचारत बसू नकोस. तसं नसेल तर आधी त्याच्याशी एकटीने बोल. ग्रुपवर नाही. कॉफी मशिनपाशी गाठ आणि शांतपणे म्हण की फाइलची चूक माझी होती, ती मी दुरुस्त केली, पण चॅटवर मला त्या नावाने हाक मारू नकोस. एवढंच. हसून नको म्हणूस आणि सॉरीने सुरुवात नको करूस. दोन्हीची तुला सवय दिसतेय म्हणून मुद्दाम सांगते. पुन्हा लिहिलं तर मॅनेजर.

आणि आता तुझ्या पत्रातलं जे मला सगळ्यात जास्त टोचलं ते. त्या बाई एकदा क्लट्झ म्हणाल्या, जानेवारीत. त्यानंतर किती वेळा तो शब्द त्या ऑफिसात बोलला गेला आणि कोणी बोलला? तूच. दर मीटिंगला. मी समजू शकते गं, दुसऱ्याने म्हणायच्या आत आपणच म्हणून टाकलं की लागत नाही असं वाटतं, मराठी घरातल्या मुली हे फार लवकर शिकतात, पाहुणे यायच्या आधीच आई म्हणते आमचीच्या हातून काही धड होत नाही हो, आणि मग मुलगी स्वतःच म्हणायला लागते. पण जरा त्या खोलीतल्या माणसांच्या बाजूने बघ. त्यांना तू कोण हे माहीत नाही. मिरजेत तू किती सुंदर ड्रॉइंग करायचीस, तुझी लाइन किती स्वच्छ असते हे त्यांना कुठून कळणार? त्यांना रोज तुझ्याच तोंडून कळतंय की ही क्लट्झ आहे. मग ज्या दिवशी फाइल चुकली त्या दिवशी त्या मुलाला वाटलं, हिला असं म्हटलेलं चालतं की, हीच स्वतःला म्हणते. त्याचं चुकलंच, पण वाट तू पाडून दिलेली होतीस. आणि वर्षाच्या शेवटी जेव्हा तुझा मॅनेजर तुझ्याबद्दल चार ओळी लिहायला बसेल तेव्हा त्याच्या डोक्यात कॉफी नसेल, ती तो विसरलाय, तुझं ते रोजचं वाक्य असेल.

अमेरिकन लोकांना असा हरणारा, धडपडणारा माणूस गोष्टीत फार आवडतो, हेही खरं. दुसऱ्या महायुद्धात १९४२ पासून सैनिकांच्या यँक नावाच्या मासिकात जॉर्ज बेकर नावाचा सार्जंट एक कॉमिक काढायचा, सॅड सॅक, त्यातल्या बिचाऱ्या सैनिकाचं कायम सगळं उलटं व्हायचं, आणि खंदकातली पोरं त्याच्यावर जीव टाकायची. पुढे १९५० पासून शुल्झच्या पीनट्स ह्या कॉमिकमधला चार्ली ब्राऊन, तो पळत येतो बॉलला लाथ मारायला आणि त्याची मैत्रीण ल्युसी ऐन वेळी बॉल उचलते, जवळजवळ पन्नास वर्षं हेच. लोकांनी त्याच्यावर प्रेम केलं. पण चार्ली ब्राऊनला कोणी बिल्डिंगचे प्लॅन काढायला दिले नाहीत. ऑफिसात माया वेगळी आणि भरवसा वेगळा, आणि तू त्या वाक्याने माया मिळवतेस आणि भरवसा घालवतेस. म्हणून ते वाक्य बंद. उद्यापासून बंद. सुरुवातीला जीभ तिकडे वळेलच, तेव्हा थांब, एक श्वास घे, आणि सरळ ड्रॉइंगचा नंबर बोल. शीट ए १०१, दुसऱ्या मजल्याचा प्लॅन, इथे जिन्याची रुंदी बदललीय. असं.

शेवटचा प्रश्न, मी खरंच तशी आहे का. ह्याला मी नाही गं असं सांगून तुझी समजूत काढणार नाही, कारण तू सायकलचं लिहिलंस, दोरीच्या उड्यांचं लिहिलंस, भात सांडतो लिहिलंस, आणि ते वाचून मला वेगळंच वाटलं. काही माणसांमध्ये लहानपणापासून हातापायांचा ताळमेळ बसायला वेळ लागतो. डॉक्टर त्याला डिस्प्रॅक्सिया म्हणतात, डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर असंही नाव आहे, आणि शाळेतल्या शंभर मुलांत साधारण पाच-सहा मुलं अशी असतात, म्हणजे पन्नास मुलांच्या वर्गात दोन-तीन. बुटाची नाडी उशिरा बांधता येते, कात्री नीट चालत नाही, कॅच सुटतो. बुद्धीशी त्याचा काडीचा संबंध नाही. आपल्या शाळांत ह्याचं कोणाला काही माहीत नव्हतं, पीटीचे सर मैदानात उभं करायचे आणि घरी वेंधळी हे नाव पडायचं. मी डॉक्टर नाही, तुला तेच आहे असं म्हणणार नाही, पण तिथे तुझा इन्शुरन्स असेल तर तुझ्या डॉक्टरशी बोल, ते ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे रोजची कामं सोपी कशी करायची ते शिकवणाऱ्यांकडे, पाठवतील, मोठ्या माणसांनाही त्याचा उपयोग होतो. आणि हे हातातून सुटणं जर अलीकडेच वाढलं असेल, लहानपणापेक्षा जास्त होत असेल, तर मात्र वाट बघू नकोस, आधी डोळे आणि मग डॉक्टर, ह्याच महिन्यात.

तोपर्यंत साधे उपाय कर. झाकणाचा कप आण, घट्ट फिरवून बंद होतो तो, आणि ड्रॉइंग्ज असलेल्या टेबलावर कॉफी न्यायचीच नाही, खिडकीत ठेवायची. फाइल पाठवायच्या आधी ती एकदा उघडून तारीख बघायची, मग पाठवायची, ह्याला अर्धं मिनिट लागतं. टेबलाखालची ती बॅग आणि चार्जरची वायर, जिच्यात तुझा पाय नक्की अडकत असणार, ती भिंतीकडे सरकव.

आणि त्या बाईंना एकदा जेवायच्या सुट्टीत विचार की क्लट्झ हा शब्द तुमच्या घरात कोण वापरायचं. ज्यू असल्या तर आजीचं नाव निघेल, नसल्या तरी काहीतरी निघेल. तू त्यांना वेंधळी शब्द सांग. ळ त्यांना जमणार नाही, दोन-तीनदा म्हणून घे. काय म्हणाल्या ते मला कळव, आणि त्या मुलाशी बोललीस की तेही.